वादळात गोडाऊनचे पत्रे उडाले आणि विमा कंपनी निम्म्याहून कमी देतेय. सही करू का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: औसा तालुक्यात तुमची पिठाची गिरणी आणि तिला लागून भुसार मालाचं गोडाऊन आहे. मे महिन्यातल्या वादळात गोडाऊनचे पत्रे उडाले आणि आतली सोयाबीनची पोती भिजली. शेड दुरुस्तीचं कोटेशन 3 लाख 80 हजारांचं आहे, कंपनी सगळं मिळून 1 लाख 35 हजार देते म्हणते. ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे यापुढे काही मागणार नाही अशा, कागदावर सही करा म्हणून फोनवर फोन चालू आहेत. विमा बँकेने कर्जासोबत काढलेला आहे.

आज सही करू नका. आधी सर्व्हे रिपोर्टची, म्हणजे नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरच्या अहवालाची, प्रत मागा. फोनवर नाही, ईमेलवर.

मी लातूर भागात शेड फॅब्रिकेशनचं काम करतो. वळवाचा मोसम सुरू झाला की विम्यासाठी कोटेशन मागायला माणसं माझ्याकडे येतात आणि सर्व्हेअरसोबत शिडीवर चढायची वेळही माझ्यावर येते. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाची, म्हणजे मातीच्या जड छताची, धास्ती बसली आणि पत्र्याची छपरं वाढली. दर उन्हाळ्यात वादळी वारं सुटलं की पहिला मार या पत्र्यांवरच बसतो. इतकी वर्षं हे बघून माझं एक ठाम मत झालंय: ‘एवढे कमी का दिले’ असं एकूण आकड्यावर भांडून एक रुपयाही वाढत नाही. रिपोर्टमधली कुठली ओळ चुकली, ती का चुकली आणि तिचा पुरावा काय, हे लिहून दिलं की कंपनीला त्या ओळीचं उत्तर द्यावंच लागतं.

म्हणून रिपोर्ट हातात हवा. सर्व्हेअर कंपनीने नेमलेला असला तरी त्याचा परवाना आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, असतो आणि त्याने काय धरलं, काय कापलं हे कळण्याचा हक्क तुम्हाला आहे. जून 2024 मधल्या आयआरडीएआयच्या परिपत्रकाप्रमाणे नुकसान कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट 15 दिवसांत घ्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर 7 दिवसांत निर्णय द्यायचा, असं कंपनीवर बंधन आहे. सर्व्हे रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केलंय. तो महत्त्वाचा कागद आहे, पण खोडता येतो.

आता कुठल्या ओळी बघायच्या ते सांगतो.

पहिली, दुरुस्तीचा आवाका. सर्व्हेअर खाली उभं राहून उडालेले आणि फाटलेले पत्रे मोजतो. पण वाऱ्याने पत्रा उपसला जातो तेव्हा शेजारचा, जागेवर राहिलेला पत्राही हुकापाशी फाटलेला असतो. गोल भोक लांबट होतं, वॉशर त्यातून आरपार जातो. असा पत्रा खालून धड दिसतो, पहिल्या पावसात मात्र ठिबकतो आणि पुढच्या वाऱ्यात सुटतो. पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला, पीळ बसलेला असतो. कैची, म्हणजे छप्पर पेलणारा तिकोनी सांगाडा, एका बाजूला सरकलेली असते. खांबाच्या बेस प्लेटखालचं काँक्रीट तडकलेलं असतं. हे फोटोत आलं पाहिजे. खांबाला ओळंबा लावा आणि दोरी व खांब यांच्यात वर किती, खाली किती अंतर आहे ते टेप धरून दाखवा. लांबट झालेल्या भोकाशेजारी नाणं ठेवून जवळून फोटो घ्या. शेड अजून तसंच असेल तर हे आजच करून घ्या. दुरुस्ती सुरू झाली असेल तर काढलेला एकही पत्रा, एकही हुक भंगारात देऊ नका.

दुसरी, तुमचं कोटेशन. ‘शेड दुरुस्ती, मजुरीसह, एकूण 3,80,000’ अशी एकच ओळ असेल तर मी सर्व्हेअरला दोष देणार नाही, कारण काय धरायचं हे त्याला कळणारच नाही. कोटेशन नवीन करून घ्या. पत्र्याची लांबी, जाडी, नग आणि दर. लोखंड किलोत, सेक्शनसहित. हुक, वॉशर, वेल्डिंग, मजुरी, हायड्रा क्रेन, वाहतूक हे सगळं वेगळं. जीएसटी वेगळा. जुना पत्रा साधा होता आणि कोटेशनमध्ये कलर कोटेड धरलाय, असं असेल तर तो फरक कंपनी देणार नाही आणि देऊही नये. जसं होतं तसं करून देणं एवढाच विमा आहे. फुगवलेलं कोटेशन मी कुणालाच लिहून देत नाही. खोटं बिल लावलेलं उघडकीला आलं तर पॉलिसीतल्या अटीप्रमाणे कंपनी खरं नुकसानही नाकारू शकते. गावोगाव ‘क्लेम काढून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणारी माणसं फिरतात, ती नेमकी हेच करायला सांगतात. त्यांच्या नादी लागू नका.

तिसरी, घसारा. इथे पॉलिसी उघडून बघा. इमारत ‘रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यू’वर असेल तर जुन्याच्या जागी तसंच नवं करण्याचा खर्च मिळायला हवा. मात्र दुरुस्ती खरोखर करावी लागते आणि तिची बिलं द्यावी लागतात. बिलं येईपर्यंत कंपनी घसारा कापून थोडी रक्कम देते, बाकीची नंतर. तुमचे 1 लाख 35 हजार त्यातलेच असतील आणि त्यावरच ‘फुल अँड फायनल’ लिहून घेत असतील, तर उरलेल्या पैशावर पाणी सोडल्यासारखं होईल. पॉलिसी ‘मार्केट व्हॅल्यू’ची असेल तर घसारा कापणारच. तेव्हा किती वर्षांचं शेड धरलं आणि वर्षाला किती टक्के धरले, एवढंच तपासा. शेड बांधल्याचं जुनं बिल किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा, इथे कामाला येतो.

चौथी, कमी विम्याची कात्री. याने सगळ्यात जास्त माणसं हबकतात. समजा गोडाऊनची खरी किंमत 10 लाख आहे, विमा 6 लाखांचा आहे आणि नुकसान 3 लाखांचं झालं. तर 3 लाख मिळत नाहीत, 60 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार मिळतात. बँक बऱ्याचदा कर्जाच्या रकमेएवढाच विमा काढते आणि हा खड्डा तिथेच तयार होतो. पण 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी जी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आली, तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे. घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’मध्ये तर घराची माहिती बरोबर दिलेली असेल तर ही कात्री लागतच नाही. म्हणून वादळात घराचंही काही गेलं असेल आणि त्याचा वेगळा विमा असेल, तर ते या हिशोबात मिसळू देऊ नका. तुमच्या गोडाऊनची खरी किंमत सर्व्हेअरने कशावरून काढली हेही विचारा. जागेची किंमत त्यात धरली असेल तर ती काढायला लावा, कारण विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही.

पाचवी, भंगार. वाकलेले पत्रे आणि लोखंड तुमच्याकडेच राहतात म्हणून त्याची किंमत वजा होते. ती जास्त धरली असेल तर दोन भंगारवाल्यांकडून किलोचा भाव लिहून घ्या, नाहीतर सरळ लिहा की या किमतीला कंपनीने स्वतः उचलून न्यावं. यावर आकडा खाली येताना मी पाहिलाय. त्याखेरीज एक्सेस म्हणून, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायचा वाटा म्हणून, जी रक्कम कापतात ती पॉलिसीवर छापलेली असते. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

सोयाबीनचं वेगळं आहे. पाणी गळून भिजलं असं रिपोर्टमध्ये लिहिलं असेल तर ते दुरुस्त करायला लावा, कारण देखभालीअभावी होणारी गळती आणि वादळाचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी वाऱ्याने पत्रे गेले, त्या उघड्या छपरातून पाऊस आत आला, हा क्रम स्पष्ट यायला हवा. किती माल होता हे दाखवायला आडतीच्या पट्ट्या, खरेदी रजिस्टर आणि बँकेला दर महिन्याला देता ते स्टॉक स्टेटमेंट लागेल. बँकेला दाखवलेला माल आणि क्लेममधला माल जुळला पाहिजे. भिजलेली पोती वाळवून कमी भावाने विकली असतील तर तो तोटा म्हणजेच नुकसान, त्याची पट्टी जोडा. झाकायला आणलेल्या ताडपत्रीचं बिलही जोडा. नुकसान वाढू नये म्हणून केलेला वाजवी खर्च मागायला संकोच कशाला?

‘ते चक्रीवादळ नव्हतं, साधं वारं होतं’ असं कुणी म्हणालं तर पॉलिसीतलं कलम दाखवा. 2021च्या या पॉलिसींमध्ये वादळ, चक्रीवादळ, टायफून, हरिकेन, टोर्नेडो, पूर हे सगळं एकाच ओळीत लिहिलेलं आहे. वादळाला नाव असण्याची गरज नाही. पुरावा म्हणून तलाठ्याचा पंचनामा, तुमच्या महसूल मंडळातल्या महावेध हवामान केंद्राची नोंद आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी पुरते. त्याच वाऱ्याने गावात महावितरणचे खांब पडले असतील तर त्याचेही फोटो लावा. सरकारी मदतीचा पंचनामा आणि विमा हे दोन वेगळे मार्ग आहेत. पक्क्या घराची थोडी पडझड झाली तर आपत्ती निधीतून 6,500 रुपयांच्या आसपासच मिळतात, पण तो पंचनामा विम्याच्या फायलीत वजनदार ठरतो.

बँकेकडून पूर्ण पॉलिसी मागा, फक्त पहिलं पान नाही. विम्याचा पत्ता गोडाऊनचाच आहे ना, इमारत आणि माल दोन्ही धरलेत ना, हे बघा. पत्ता राहत्या घराचा आणि गोडाऊन भलत्याच गटात, असं निघालं तर बँकेलाही लेखी कळवा, कारण तपशील तिने भरलेला असतो. पैसे आधी कर्जखात्यात जातील, हेही ध्यानात असू द्या.

हे सगळं झालं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पत्र. त्यात रिपोर्टची ओळ, तुमचा आक्षेप, तुमचा आकडा, पुराव्याचा क्रमांक. राग नको, इतिहास नको. दोन पानांत बसवा. सोबत आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, फोन 155255.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. मराठवाड्याची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी तिथे चालतात, मर्यादा 50 लाखांची आहे. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. लोकपालांनी निवाडा दिला की कंपनीला तो बंधनकारक असतो. तुमच्यासारख्या प्रकरणात मी आधी इथेच जायला सांगतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याची मुदत दोन वर्षांची. पण आयोगात केस चालू असताना लोकपाल ती घेत नाहीत, त्यामुळे क्रम सांभाळा.

आता सहीचं. गिरणी बंद आहे, हप्ता चालू आहे, अशा वेळी 1 लाख 35 हजारही हवे असतात, हे मला कळतं. मग कंपनीला आधी ईमेल करा: ही रक्कम वाद नसलेला भाग म्हणून, हरकत राखून घेत आहे, उरलेल्या रकमेचा दावा कायम आहे. कागदावर सहीच्या वर तेच हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे या ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर, सही केली म्हणून जास्त भरपाई मागण्याचा हक्क संपत नाही, असं आयआरडीएआयने 2015 मध्ये कंपन्यांना कळवलंय. सही दबावाखाली किंवा फसवून घेतली असेल तर ती आड येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1999चा निकालही आहे. पण दबाव होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीच लिहून ठेवलेली हरकत कधीही सोपी.

रिपोर्ट मिळाला की नाव, पत्ता आणि पॉलिसी नंबर झाकून त्याचा हिशोबाचा तक्ता इथे टाका. पत्रे आणि लोखंडाचे दर लातूरच्या बाजाराशी जुळतात का ते मी बघून सांगतो.