भाऊ फोन उचलत नाही, पण मेसेज वाचतो. त्याला मेसेजवर गोष्टी लिहून पाठवल्या तर उपयोग होईल का?

हो, होईल. फक्त गोष्ट त्याच्या रोजच्या जगण्यातली हवी आणि उत्तराची अपेक्षा नको. तुमचा भाऊ पुण्यात एमपीएससी करतोय आणि निकालानंतर गप्प झालाय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मावसभावाचं अगदी असंच झालं होतं. त्याला मी रोज संध्याकाळी दोन-चार ओळी पाठवायचे. गोष्ट मी रचलेली आहे, हे त्याला आधीच सांगितलं होतं.

'सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा. दुपारी दोनपर्यंत पांघरूण घेऊन पडून असायचा. डबा न उघडता परत जायचा.'

दुसऱ्या दिवशी: 'आज अभ्यास नाहीच केला. पण डबा उघडला, अर्धी पोळी खाल्ली, खाली जाऊन चहा पिऊन आला.'

एवढंच. 'ऊठ, बाहेर पड' म्हटलं की माणूस आणखी आत जातो. गोष्टीत त्याला कुणी काही सांगत नसतं, तरी पुढचं पाऊल दिसतं. नैराश्यात इच्छा होण्याची वाट न बघता एखादी छोटी कृती करायला समुपदेशकही सांगतात. मात्र तो मुलगा शेवटी तहसीलदार झाला, असं कृपा करून लिहू नका. खचलेल्याला ते खोटं वाटतं, आणि गाडी पुन्हा निकालावरच येते. फॉरवर्ड केलेले सुविचारही नकोत.

उत्तर आलं नाही म्हणून थांबू नका. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांचा अभ्यास केला. त्यातल्या काहींना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली: तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा. ना उपदेश, ना मागणी. पहिल्या दोन वर्षांत या गटात आत्महत्येचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. ती पत्रं म्हणजे गोष्टी नव्हत्या, पण कुणीतरी आठवण ठेवतंय हे त्यांतून पोचत होतं.

'जगण्यात अर्थ नाही', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं काही त्याने लिहिलं, तर मात्र गोष्टी बाजूला ठेवा. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा आणि त्याच दिवशी त्याच्याकडे जा. तुम्हाला पोचायला वेळ लागणार असेल, तर रूममेटला त्याच्याजवळ थांबायला सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. काय करावं हे विचारायला तुम्ही स्वतःही तिथे फोन करू शकता.