वाचकांची विचारणा : धान्यावर चाललेला इजिप्त

गेल्या अंकात ममींवरील लेख छापल्यानंतर मुंबईतून बरीच पत्रे आली. गंमत अशी की, त्यांतील फार थोड्या पत्रांत ममींविषयी काही विचारले आहे. बहुतेकांना ती माणसे जिवंत असताना कशी राहत होती, काय खात होती आणि पोटासाठी काय करीत होती, हे जाणून घ्यायचे आहे. त्यातील निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही, असे वाचले. मग नाईलला दरवर्षी पूर कोठून येत असे, आणि लोक त्याची वाट का पाहत? आम्ही मिठी नदीजवळ राहतो; 26 जुलै 2005 नंतर ‘पूर’ या शब्दानेच अंगावर काटा येतो. (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : त्या दिवशी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. कैरोला वर्षभरात मिळून सरासरी सुमारे 25 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि दक्षिणेला आस्वानकडे तेवढाही नाही. नाईलचा पूर मुळात इजिप्तच्या पावसाचा नव्हताच. तो इथिओपियाच्या उंच पठारावरील पावसाचा होता. आपल्याकडे पावसाळा असतो त्याच महिन्यांत, म्हणजे जून ते सप्टेंबरात, तेथेही जोरदार पाऊस पडतो, आणि ते पाणी निळी नाईल व अत्बरा या नद्यांतून डोंगरांची माती घेऊन उत्तरेकडे वाहत येई. आस्वानला पाणी जुलैच्या सुमारास चढू लागे आणि सप्टेंबरच्या आगेमागे पूर भरास येई. मिठीचे पाणी काही तासांत घरात शिरते. नाईल मात्र कित्येक आठवडे हळूहळू, ठरलेल्या ऋतूत चढत असे, आणि गावे मुळातच उंचवट्यांवर वसलेली असत.

पाणी ओसरले की शेतावर गाळाचा थर राही. त्या गाळामुळेच इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत आणि दोन्ही बाजूंच्या वाळवंटाला ‘देश्रेत’, म्हणजे तांबडी भूमी. शेताला काळी आई म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षाचे भागही यावरूनच पडले होते : पुराचे चार महिने, उगवणीचे चार आणि सुगीचे चार, प्रत्येक महिना 30 दिवसांचा आणि शेवटी पाच दिवस जादा. मात्र लीप वर्षासारखा अधिक दिवस धरण्याची सोय नसल्याने हे पंचांग दर चार वर्षांनी एका दिवसाने सरके, त्यामुळे कित्येक शतकांनंतर कागदोपत्री ‘पुराचा ऋतू’ चालू असताना शेतात भलताच ऋतू असे.

पूर किती चढला हे मोजण्यासाठी आस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर दगडी पायऱ्यांच्या मोजपट्ट्या होत्या. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात नोंदवले आहे की, पाणी 12 हात चढले तर उपासमार, 14 हात चढले तर आनंद आणि 16 हात चढले तर चैन. येथील हात आपल्या हातापेक्षा थोडा मोठा, सुमारे 52 सेंटिमीटरचा. फार कमी पाणी म्हणजे दुष्काळ आणि फार जास्त म्हणजे वाहून गेलेली गावे व बांध, असा हा हिशेब होता. 1970 मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यापासून तो पूर इजिप्तमध्ये येत नाही.

प्रश्न : पुस्तकातील नकाशात ‘वरचा इजिप्त’ खाली आणि ‘खालचा इजिप्त’ वर दाखवला आहे. ही छपाईची चूक आहे का? (इयत्ता सहावीची विद्यार्थिनी, गिरगाव)

उत्तर : चूक नाही. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून उगमाकडचा भाग वरचा आणि समुद्राकडचा त्रिभुज प्रदेश खालचा. घाटावरचे आणि घाटाखालचे असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही नकाशा पाहत नसतो. वारा मात्र तेथे बहुधा उत्तरेकडून वाहतो, त्यामुळे उत्तरेला जाताना होडी प्रवाहाबरोबर जाई आणि दक्षिणेला जाताना शीड उभारावे लागे; त्यांच्या चित्रलिपीतही दक्षिणेच्या प्रवासासाठी शीड उभारलेली होडी काढीत.

प्रश्न : माझे वडील गिरणीत होते, 1982 च्या संपात घरातील चूल कशी थंडावली, ते मी पाहिले आहे. जगातील पहिला संप इजिप्तमध्ये झाला, असे ऐकले. पण पिरॅमिड तर गुलामांनी बांधले ना? गुलाम संप कसा करतील? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निरनिराळे काळ एकत्र आले आहेत, त्यांच्यात सुमारे 1400 वर्षांचे अंतर आहे. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी 26 व्या शतकातील. त्याच्या परिसरात कामगारांची वसाहत, भट्ट्या आणि त्यांच्या स्वतःच्या कबरी सापडल्या आहेत. राजाच्या पिरॅमिडजवळ मानाने पुरलेल्या माणसांना साखळदंडातील गुलाम म्हणता येत नाही. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे 2013 मध्ये मिळालेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांत, मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील चुनखडीचे दगड होड्यांतून गिझाला, म्हणजे या पिरॅमिडच्या जागी, कसे नेले, याच्या रोजच्या नोंदी त्याने ठेवल्या होत्या. तरीही ही सगळी माणसे राजीखुशीने आली होती, असे समजू नये. शेतकऱ्यांना सरकारी कामावर धरून नेण्याची पद्धत होती, आणि तिला मराठीत ‘वेठ’ हा नेमका शब्द आहे.

संप झाला तो देर अल-मदिना या गावात. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्सरसमोरच्या डोंगरात, राजांच्या खडकात खोदलेल्या कबरींचे काम करणारे पाथरवट, चितारी व कारकून येथे राहत. तटाच्या आत एकमेकांच्या भिंतींना खेटून सुमारे 70 घरे होती. चाळीत वाढलेल्यांना तेथील भांडणे सहज कळतील. गावात पाणी नव्हते, ते गाढवांवरून येई. विहिरीसाठी सुमारे 50 मीटर खोल खड्डा खणला, पाणी लागले नाही, आणि पुढे गावाने त्यात कचरा टाकला. त्या कचऱ्यात लिहिलेल्या खापऱ्या व दगडी कपच्या हजारोंनी मिळाल्या, म्हणून राजांपेक्षाही या गावकऱ्यांचे जगणे आज आपल्याला अधिक जवळून दिसते.

ब्रिटिश म्युझियममधील एका कपचीवर दुसऱ्या रॅमसीझ राजाच्या कारकिर्दीतील 40 व्या वर्षाचा हजेरीपट आहे. नावापुढे तारीख आणि गैरहजेरीचे कारण : विंचू चावला, डोळे आले, आईचे प्रेत गुंडाळायचे होते, बिअर करायची होती. शेवटचे कारण ऐकून हसू येते. पण बिअर हे तेथे रोजचे अन्न होते आणि सणासाठी ती घरीच करावी लागे.

नाणी नव्हती, पगार धान्यात मिळे. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोते जव. एक पोते सुमारे 76 लिटरचे. तिसऱ्या रॅमसीझच्या 29 व्या वर्षी, इसवी सनापूर्वी 12 व्या शतकाच्या मध्यास, हे धान्य थकले. कामगार हत्यारे ठेवून चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि तिसऱ्या थुटमोस या पूर्वीच्या राजाच्या मंदिरामागे त्यांनी ठिय्या दिला. भुकेने आणि तहानेने आम्ही येथे आलो आहोत, वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला तसे कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. तूरिन येथे असलेल्या पपायरसावर ते लिहून ठेवले आहे. थकलेले धान्य अखेर मिळाले, पुन्हा थकले, आणि पुन्हा ते बाहेर पडले. उपलब्ध लेखांपुरते बोलायचे, तर याआधीच्या संपाची नोंद आपल्याजवळ नाही.

प्रश्न : त्यांचे रोजचे जेवण काय असे? (एक वाचक, माहीम)

उत्तर : भाकरीसारखा पाव आणि बिअर, सोबत कांदा, मसूर, मासळी, खजूर. बैलाचे मांस सामान्य घरात सणासुदीलाच. पिठात वाळू आणि पाट्याची कच येई, म्हणून श्रीमंतांच्या ममींचेही दात झिजलेले दिसतात.

प्रश्न : तेथील स्त्रियांना मालमत्तेचा हक्क होता का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : होता. स्त्री जमीन बाळगू शके, न्यायालयात साक्ष देऊ शके, नवऱ्यापासून वेगळी होऊ शके. कारकुनीच्या नोकऱ्या मात्र जवळजवळ सर्व पुरुषांकडेच होत्या, हेही सांगितले पाहिजे. देर अल-मदिना येथील नाउनख्ते या वृद्धेने पाचव्या रॅमसीझच्या तिसऱ्या वर्षी पंचांसमोर मृत्युपत्र सांगितले. आपण स्वतंत्र स्त्री आहोत, आठ मुले वाढवली, प्रत्येकाचा संसार मांडून दिला, पण म्हातारपणी सगळीच काही आपल्याकडे पाहत नाहीत, असे म्हणून तिने काही मुलांना आपल्या वाट्यातून वगळले. बापाच्या वाट्याला ती हात लावू शकत नव्हती, तो त्यांना मिळायचाच. एका मुलाला मात्र तिने इतर भावंडांपेक्षा जास्तीचे, काशाचे एक घंगाळ दिले.