मेलबर्नला येताय? मायक्रोमीटर घेऊन या

तुम्ही विचारलंय, "३४ वर्षं डाय-मोल्डचं काम करून निवृत्त झालो. आता मुलीकडे मेलबर्नला तीन वर्षं राहायचंय. नातवंडं शाळेत गेल्यावर दिवसभर करायचं काय? हाताला सवय आहे हो कामाची." मीही भोसरीच्या एका टूलरूममधून, म्हणजे डाय-मोल्डसारखे साचे बनवतात तिथून, निवृत्त होऊन इथे आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हिसाचं बघा. ८७० वर, म्हणजे मुलांकडे राहायला येणाऱ्या पालकांच्या तात्पुरत्या व्हिसावर येणार असाल तर पगारी काम चालत नाही. चार वस्तू बनवून रविवारच्या बाजारात विकू, असा विचारही मनात आणू नका. विनामोबदला कुठे मदत करायची असली तरी व्हिसाच्या अटी मुलीला नीट वाचायला सांगा.

आता हाताचं. इथे मेन्स शेड नावाचा प्रकार आहे, म्हणजे पुरुषांनी एकत्र जमून हातकाम करायची सामाईक कार्यशाळा. तो इथलाच. या नावाची पहिली शेड १९९८ साली व्हिक्टोरियातल्या टोंगाला गावात उघडली, आज देशभरात हजाराच्या वर आहेत. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, असं हे लोक मानतात. मला ते लगेच पटलं. आपल्याकडेही घरच्या अडचणी कळायच्या त्या कॅन्टीनमध्ये नाही, मशीनवर जॉब चालू असताना. वर्षाची थोडीफार वर्गणी भरायची, सुरक्षेचे नियम समजून घ्यायचे, की बँडसॉ, वुड लेथ, बेंच सगळं वापरायला मिळतं. बालवाडीची खेळणी, बागेतले बाक, मोडक्या खुर्च्या अशी कामं येत राहतात.

पहिले दोन-तीन महिने मात्र शिकाऊ म्हणूनच जा. आपल्याला मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची सवय, आणि लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. मेलबर्नची हवा तर दिवसात दोनदा बदलते. मी पहिल्या कपाटाचा खण असा तंतोतंत बसवला की पावसाच्या आठवड्यात तो उघडेचना. शेडमधल्या एका जुन्या सुताराने मला फट ठेवायला शिकवलं. चांगल्या फिटिंगची खूण म्हणजे फट नसणं, हे मी आयुष्यभर धरून चाललो होतो. ते सोडायला मला वेळ लागला.

तुमचं कसब कुठे उपयोगी पडेल ते सांगतो. नातवासाठी भोवरा करायला घेतला. वुड लेथवर आकार छान उतरला, पण खालची लोखंडी आर ठोकली आणि भोवरा थरथरायला लागला. मग टूलरूमची रीत आठवली. भोवरा पुन्हा चकमध्ये धरला, डायल गेज लावून अगदी हळूहळू ट्रू केला, म्हणजे बरोबर मध्यावर फिरेल असा बसवला, भोक लेथवरच पाडलं आणि आर दाबून बसवली. पुढच्या वेळी जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळून सोडला तर तो एका जागी असा उभा राहिला की फिरतोय की नाही कळेना. शेडमधले सात-आठ जण काम थांबवून बघत होते. त्यानंतर सेटिंग बिघडलं की मलाच हाक मारतात.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलं. भोवऱ्याचं पोट किती ठेवायचं, मान कुठे घ्यायची, हे पहिल्यांदाच माझं मी ठरवलं. तेव्हापासून वही ठेवतो. सावंतवाडीची खेळणी आठवून आठवून आकार काढतो, रंग ठरवतो. हे सुख मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं, आणि तुम्हालाही ते मिळावं म्हणूनच एवढं लिहितोय.

सामानाचं म्हणाल तर मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल आणि आवडत्या दोन-तीन कानशी आणा, सगळं चेक-इनच्या बॅगेत. लाकडी मुठीचं काहीही असेल तर विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर बहुतेक वेळा बघून परत देतात. हत्याराला माती चिकटलेली नको. इथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त प्लग वेगळा. तरी ड्रिल मशीनचं वजन आणू नका, शेडमध्ये आहे.

त्याऐवजी भोवऱ्याच्या सुती जाळ्या आणा, पाच-सहा तरी. इथे मिळते ती नायलॉनची दोरी लाकडावरून निसटते.