काच करकरते म्हणून लगेच रेग्युलेटर बदलू नका

पाऊस सुरू झाल्यापासून ड्रायव्हरच्या बाजूची काच वरखाली करताना करकरते, सी लिंकवर त्याच दारातून शिट्टी वाजते, आणि गॅरेजवाल्याने दार न उघडताच अख्खा रेग्युलेटर (दाराच्या आतली काच वरखाली करणारी यंत्रणा) बदलायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि दोघांचं कारण एकच असेल असं मला वाटत नाही.

आधी करकर. काच दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनेलमधून सरकते. आपल्याकडे जिकडेतिकडे बांधकामं चालू, त्यामुळे उन्हाळाभर त्या खाचेत सिमेंट-मातीची बारीक धूळ बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. खात्री करायची सोपी पद्धत आहे. काचेवर आणि कडेच्या रबरांवर पाणी मारा आणि लगेच काच चालवा. आवाज गेला किंवा बदलला तर दोष रबराचा. अजिबात फरक पडला नाही तर आतल्या यंत्रणेकडे बघायचं.

रबराचा निघाला तर काच पूर्ण खाली घ्या. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीला ओलं मायक्रोफायबर कापड गुंडाळा आणि खाचेतून वरपासून खालपर्यंत फिरवा. पहिल्या हाताला कापड काळंकुट्ट निघेल. स्वच्छ निघेपर्यंत करत राहा. वाळल्यावर खाचेत नळीने थोडा सिलिकॉन स्प्रे मारा, काच वरखाली करा आणि काचेवर उतरलेला थर पुसून टाका. ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल यातलं काहीही तिथे घालू नका. दोन दिवस काच गुपचूप चालेल, मग त्यावर धूळ चिकटून आधीपेक्षा वाईट होईल. काचेवर उभे ओरखडे दिसत असतील तर बाहेरच्या बीडिंगमध्ये, म्हणजे काच जिथे दारात शिरते तिथल्या रबरी पट्टीत, खडा अडकलेला असतो, तो आधी काढा.

आता गॅरेजवाला बरोबर कधी असेल? दर वेळी त्याच उंचीवर कटकट येते, काच तिरकी होते किंवा झटके देत चढते, तेव्हा. केबलवाल्या रेग्युलेटरच्या तारेचे धागे तुटायला लागले की असंच होतं. तेव्हा मात्र चालढकल नको. काच दारात पडली आणि वरून पाऊस असला तर गाडी उभी कुठे करणार? मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तेव्हाही केबल किंवा गिअर गेलेला असतो. खड्ड्यात खडखड होत असेल तर काच अर्धी उघडी ठेवा आणि शेजारी बसलेल्याला ती तळहाताने दाबून धरायला सांगा. आवाज थांबला तर काचेचे बोल्ट किंवा चॅनेल सैल आहे. नाही थांबला तर डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या बाजूच्या आवरणाच्या) क्लिपा तपासा. दारात पाणी डचमळत असेल तर दाराच्या खालच्या कडेची भोकं चिखलाने बुजलीत, ती मोकळी करा.

शिट्टीसाठी मास्किंग टेप आणा. काचेच्या कडा, आरशाची बैठक आणि काचेच्या वर बाहेरून लावलेला पावसाचा व्हायझर असेल तर त्याची कड, सगळ्यावर पट्ट्या लावा. एसीचा पंखा बंद ठेवून त्याच रस्त्याने त्याच वेगाने जा. सी लिंकवर ८०ची मर्यादा आहे, तेवढा वेग पुरतो. शिट्टी गेली तर पुढच्या प्रत्येक फेरीआधी एकेक पट्टी काढत जा. जी काढल्यावर शिट्टी परत येईल तिथे फट आहे. बऱ्याचदा वरच्या कोपऱ्यातलं रबर दबलेलं किंवा खाचेतून निसटलेलं सापडतं, आणि तेवढंच रबर बदलून भागतं.

एवढं करूनही दार उघडायची वेळ आली तर स्वतः समोर उभे राहा आणि तुटलेली केबल बघितल्याशिवाय नवीन पार्टला हो म्हणू नका. आत हात असताना कुणीही स्विचला हात लावायचा नाही. आणि डोअर पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवून घ्या. घाईत तो तसाच लोंबता ठेवतात आणि पुढच्या पावसात पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये येतं.