कुत्र्याच्या उपचारांसाठी वीस वर्षांची पॉलिसी?

प्रश्न : माझ्याकडे पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि चार महिन्यांचे मांजराचे पिल्लू आहे. आठ महिन्यांपूर्वी कुत्र्याने मोजा गिळला आणि आतड्याची शस्त्रक्रिया करावी लागली. माझे मासिक वेतन १०० धरले, तर बिल १५० झाले. ते क्रेडिट कार्डावर भरले. व्याज दरमहा ३ टक्के आहे आणि किमान देय रक्कम, म्हणजे ५ टक्के, मी न चुकता भरतो. आता कुत्र्यासाठी दरमहा १.५ हप्त्याचा विमा सुचवला आहे : वार्षिक मर्यादा २००, बिलातले पहिले ५ माझे, उरलेल्याचे ८० टक्के कंपनीचे. दरमहा आणखी १ भरल्यास लसीकरण व दातांची सफाई यांसाठी वर्षाला १० पर्यंत मिळतील. मात्र कुत्र्याच्या उपचारांसाठी दोन वर्षांपूर्वी २० वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घेतलेली आहेच (हप्ता दरमहा १०, आज मोडल्यास ७५ मिळतील), मग वेगळा विमा हवा का? कुत्रा महिनाभर मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडतो; ते अर्जात लिहू नका, असे एजंट म्हणतो.

उत्तर : विम्याचे नंतर पाहू, आधी ती एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे बचतीची जोड असलेला आयुर्विमा. तिची मुदत संपेल तेव्हा आपला कुत्रा २३ वर्षांचा असायला हवा. लॅब्रॅडॉर साधारणपणे १० ते १२ वर्षे जगतो. म्हणजे ज्याच्या उपचारांसाठी पैसे साठवायचे, तो गेल्यावर अकरा ते तेरा वर्षांनी ते हाती येणार, आणि मधल्या काळात तो कितीही आजारी पडला तरी ही पॉलिसी त्यासाठी काही देणार नाही, कारण तिच्यात विमा आहे तो आपल्या आयुष्याचा. विकणाऱ्याने कुत्र्याचे वय तरी विचारले होते का?

शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत आपण १६ हप्ते, म्हणजे १६०, भरलेले होते. बिल होते १५०. हेच पैसे साध्या बचत खात्यात असते, तर कार्ड बाहेर काढावेच लागले नसते. कार्डाचे गणितही पाहा : ५ टक्के भरायचे, त्यातले ३ टक्के व्याजातच जायचे. आठ महिन्यांत सुमारे ५५ भरून कर्ज जेमतेम २२ ने उतरले आहे आणि १२८ अजून उभे आहे. ‘न चुकता’ भरल्याचे समाधान बँकेला अधिक असेल.

पॉलिसी मोडा. भरलेल्या २४० पैकी ७५ च मिळतात, हे बोचणारच; पण उरलेल्या १८ वर्षांत २,१६० आणखी भरल्याने ती चूक दुरुस्त होत नाही. (आपल्यावर कोणी अवलंबून असेल, तर आधी शुद्ध मुदत विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमा, घ्या आणि तो सुरू झाल्यावरच ही बंद करा.) ते ७५ कार्डात भरले की ५३ उरतात, आणि सुटलेला हप्ता व आजचा कार्डाचा भरणा मिळून दरमहा सोळा-साडेसोळा तिकडे वळवले, तर चार महिन्यांत कर्ज संपते. पुढे त्यातलेच १५ वेगळ्या खात्यात टाकत गेल्यास दहा महिन्यांत १५० जमतील. विमा घेतला तरी हा निधी हवाच, कारण अशा पॉलिसींत बहुधा बिल आधी आपण भरायचे असते आणि कंपनी नंतर परतफेड करते. खात्यात काही नसेल तर विमा असूनही पुन्हा कार्डच पुढे करावे लागेल.

आता विमा : घ्यावा. दरमहा १.५ बाजूला टाकत १५० जमवायला आठ वर्षांहून अधिक लागतील, आणि मोजा काही आठ वर्षे थांबत नाही. तशीच शस्त्रक्रिया पुन्हा झाल्यास, दावा मान्य झाला तर, कंपनीकडून सुमारे ११५ येतील. काही झालेच नाही तर हप्ता परत मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही ठेवू नये. उलट वयाबरोबर तो वाढत जाईल, हे गृहीत धरा. लसीकरणाची जोड मुळीच नको. वर्षाला १२ देऊन जास्तीत जास्त १० परत घेण्यात विमा कुठे आहे? लस, जंतांचे औषध, दातांची सफाई हे ठरलेले खर्च पगारातून भागवावेत.

पिल्लाचा विमा मात्र लगेच घ्या. विमा घेण्याआधीचे आजार बहुतेक पॉलिसी वगळतात, आणि त्याच्या केसपेपरवर आज काहीच नाही. ते नर असेल, तर मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका लक्षात ठेवा. बोक्यांमध्ये तो एक-दोन दिवसांत जिवावर बेततो, आणि तेव्हा दर विचारत फिरायला वेळ नसतो. सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे दावा करता येत नाही ते दिवस, किती, तेवढे वाचून घ्या.

कुत्र्याचे लंगडणे अर्जात लिहाच. दावा आला की कंपनी पशुवैद्याकडून जुने केसपेपर मागवू शकते. त्यात ते आढळले तर आजार लपवला म्हणून दावा फेटाळला जाईल, आणि त्या दिवशी एजंट फोन उचलणार नाही. या जातीत नितंबाच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटणे या नेहमीच्या तक्रारी आहेत. काही पॉलिसींत एका गुडघ्याचे दुखणे आधीचे ठरले, की दुसराही वगळला जातो. म्हणून पहिला हप्ता भरण्यापूर्वी तीन गोष्टींचे लेखी उत्तर मागा : उजवा पाय विम्यात धरला आहे का, आनुवंशिक दोष धरले आहेत का, आणि मागची शस्त्रक्रिया झालेली असली तरी आतड्याच्या तक्रारी धरल्या आहेत का. तिन्हींत नकार आला, तर कुत्र्यासाठीचे ते १.५ ही निधीतच टाका.