मित्र उसने घेतलेले पैसे परत देत नाही, पोलीस म्हणतात ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’. असं का?

कारण नुसते पैसे थकवणं हा गुन्हा नाही. फसवणुकीसाठी (भारतीय न्याय संहिता कलम 318, 1 जुलै 2024 पूर्वीचं 420) पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता, हे दिसावं लागतं. खोटे कागद दाखवून पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी. धंदा बसला म्हणून परतफेड थांबली, एवढ्यावर फौजदारी होत नाही.

दिवाणी कोर्टाला कमी लेखू नका. फौजदारीत आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, दिवाणीत कोणाची बाजू जास्त संभवनीय आहे एवढंच पाहतात. म्हणून बँकेतल्या ट्रान्सफरची नोंद आणि ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज तिथे फार कामाला येतो. तो डिलीट करू नका.

वसुलीचा दावा साधारणपणे 3 वर्षांच्या आत लावा. त्याने दिलेला चेक बाऊन्स झाला असेल, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 138 लागतं: बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती त्याला मिळाल्यावर 15 दिवसांची वाट, तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. नोटिशीची तारीख हुकली की केस अडचणीत येते, त्यामुळे मेमो हातात पडताच वकील गाठा.