देव ‘असिद्ध करता’ येतो का? आधी शब्द बघा

प्रश्न असा आलाय: ‘देवाचं अस्तित्व सिद्ध किंवा असिद्ध करता येतं का’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि इथे ‘असिद्ध करणे’ म्हणजे नक्की काय?

वाक्य चुकीचं आहे. आणि ही चूक ऐकून ऐकून आता कान किटलेत. कुठलीही डिबेट लावा, एक जण ठासून सांगतो ‘विज्ञानाने देव असिद्ध केलाय’, समोरचा म्हणतो ‘अजून कोणालाही असिद्ध करता आलेला नाही’, आणि दोघंही असिद्ध म्हणजे खोटं ठरलेलं असं धरून चाललेले असतात. अहो, असिद्ध म्हणजे जे सिद्ध झालेलं नाही ते, बस. ती वस्तूची अवस्था आहे, कोणी ‘करायची’ गोष्ट नाही. डोक्यात इंग्रजी डिसप्रूव्ह असतं, प्रूव्हला सिद्ध मग डिसप्रूव्हला असिद्ध असा हिशोब लावला जातो आणि अर्थाचं वाटोळं होतं.

सिद्धी, सिद्धपुरुष, सिद्धहस्त हे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. मला सांगायचंय ते वेगळंच: आपलं शिजणे हे क्रियापद याच शब्दाचं सख्खं भावंड आहे! संस्कृत सिध्यति, प्राकृतात सिज्झइ, आणि मराठीत शिजणे. संध्याची सांज झाली, मध्यगृहाचं माजघर झालं, तसंच ध्य चा ज इथेही झाला. म्हणजे सिद्ध म्हणजे अक्षरशः शिजलेलं, खायला तयार. संस्कृतात सिद्धान्न म्हणजे शिजवलेलं अन्नच.

आता काही जण शिजणे हे स्विद् म्हणजे घाम येणे, वाफारणे या धातूकडे ओढतात. ध्वनीच्या बाजूने तेही बसतं, कबूल, अद्य चं आज होतं आणि विद्युत् ची वीज होते तसं स्विद्यति चं होऊ शकतं. पण व्युत्पत्ती नुसत्या ध्वनीवर लावायची नसते, अर्थाचाही पुरावा लागतो, आणि तो संस्कृत व्याकरणकार पतंजलीने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी देऊन ठेवलाय, तो न बघताच स्विद् स्विद् करणं म्हणजे आळस आहे.

पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने लिहिलेल्या महाभाष्याच्या सुरुवातीलाच त्याच्या आधीच्या कात्यायनाचं वार्तिक, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरचं छोटं टिपण, येतं, सिद्धे शब्दार्थसंबन्धे, म्हणजे शब्द, अर्थ आणि त्यांचा संबंध सिद्ध असताना. पतंजली विचारतो, इथे सिद्ध म्हणजे काय? सिद्ध म्हणजे नित्य, कायमचं असलेलं, उदाहरणं देतो सिद्धा द्यौः, सिद्धा पृथिवी, सिद्धमाकाशम्, म्हणजे स्वर्ग, पृथ्वी, आकाश. मग लगेच शंका काढतो की अहो, हा शब्द केलेल्या गोष्टींनाही लावतात की, सिद्ध ओदनः, सिद्धः सूपः, सिद्धा यवागूः. म्हणजे भात सिद्ध, वरण सिद्ध, पेज सिद्ध! एकच शब्द, एकीकडे आकाश जे कोणी बनवलं नाही आणि दुसरीकडे भात जो आत्ताच चुलीवरून उतरलाय. पतंजली स्वतः तिथे नित्य हाच अर्थ घेतो, पण दुसरा अर्थ लोकांच्या तोंडी होता हे त्यानेच नोंदवलंय. मला हा उतारा पहिल्यांदा वाचल्यावर झोप आली नव्हती.

आणि आता देवाचा प्रश्न याच्या शेजारी ठेवून बघा. भक्त म्हणतो देव सिद्धच आहे, तेव्हा त्याच्या मनात आकाशवाला सिद्ध असतो, आधीपासून आहे, कोणी काही करायची गरज नाही. तर्कवाला म्हणतो सिद्ध करून दाखवा, त्याला ओदनवाला सिद्ध हवाय, कच्च्यापासून पायरी पायरीने शिजत आलेला. निम्मी भांडणं इथेच लागतात असं माझं ठाम मत आहे, दोघं एकच शब्द उच्चारतात आणि दोन वेगळ्या वस्तू मागतात.

म्हणजे असिद्ध काय झालं? कच्चं. करपलेलं नाही, नासलेलं नाही, कच्चं! आणि कच्चं ‘करता’ येत नाही, ते असतं.

हे मी पदरचं सांगत नाहीये. पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात सूत्र आहे पूर्वत्रासिद्धम् (८.२.१). ग्रंथाच्या शेवटच्या तीन पादांतले (पाद म्हणजे अध्यायाचा चौथा हिस्सा) नियम आधीच्या नियमांच्या दृष्टीने असिद्ध, म्हणजे ते लागलेलेच नाहीत असं समजून चालायचं. नियम आहे, त्याने केलेला बदलही आहे, फक्त आधीच्या नियमाला तो दिसत नाही. असिद्धचा अर्थ ‘नसलेला’ असता तर ही सगळी व्यवस्थाच कोसळली असती.

अजून नेमकं उदाहरण थेट देवाचंच. सांख्य या दर्शनाच्या सूत्रांत (१.९२) येतं ईश्वरासिद्धेः, ईश्वर सिद्ध होत नसल्यामुळे. या एका शब्दावरून सांख्य देव नाकारतात असं झटक्यात लिहून मोकळे होणारे भरपूर आहेत, चांगले नावाजलेले अभ्यासकसुद्धा. त्यांनी या सूत्रांवरची विज्ञानभिक्षूची टीका, म्हणजे भाष्य, उघडून बघावी. तो म्हणतो, ईश्वर नाही असंच म्हणायचं असतं तर सूत्रकाराने ईश्वराभावात्, म्हणजे ईश्वर नसल्यामुळे, असं म्हटलं असतं. असिद्धि वेगळी, अभाव वेगळा! सांख्य एकूणात निरीश्वरवादी आहेत की नाहीत हा वाद करा खुशाल, पण त्याचं ओझं या एका सूत्रावर टाकू नका, शब्द ते पेलत नाही.

आणि समोरच्या बाजूला उदयनाचार्य, न्याय म्हणजे तर्कशास्त्राच्या दर्शनाचे, १०व्या शतकातले, आपल्या न्यायकुसुमांजली या ग्रंथात ईश्वरासाठी कार्य, आयोजन, धृति वगैरे हेतूंची रांग लावतात आणि शेवटी म्हणतात साध्यो विश्वविदव्ययः, सर्वज्ञ आणि अविनाशी असा तो साध्य आहे. शब्द बघा, साध्य! सिद्धच्याच घरातला, ज्याला अजून शिजवायचंय तो. शाळेत भूमितीच्या प्रमेयाखाली पक्ष, साध्य, सिद्धता लिहायचो ना, ते पक्ष आणि साध्य न्यायशास्त्राचेच शब्द आहेत, फक्त न्यायात पक्ष म्हणजे ज्या जागी साध्य दाखवायचं ती जागा, धूर दिसतोय म्हणून जिथे आग आहे असं दाखवायचं तो डोंगर, आणि भूमितीत पक्ष म्हणजे दिलेली माहिती झाली. हा बदल कधी आणि कसा झाला यावर वेगळं लिहिण्यासारखं आहे.

हां, तर डिसप्रूव्हसाठी शब्द काय. न्यायात आहे की, बाधित. हेत्वाभासांच्या, म्हणजे सदोष हेतूंच्या, यादीत असिद्ध आणि बाधित ही दोन वेगळी नावं आहेत, एक नाही. आग थंड आहे असं अनुमान काढलं तर हात लावून बघितल्यावर ते बाधित होतं, दुसऱ्या बळकट प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या खात्रीच्या साधनाने, उलट दाखवलं जातं. देव नाही असं दाखवायचं तर ही पायरी चढावी लागते, ‘तुमचा पुरावा पुरला नाही’ एवढ्याने भागत नाही. ‘दिसत नाही म्हणून नाही’ हेही सरसकट चालत नाही. त्याला योग्यानुपलब्धि लागते, म्हणजे वस्तू तिथे असती तर दिसलीच असती अशी असायला हवी. टेबलावर घडा दिसत नाही म्हणजे घडा नाही हे ठीक, कारण घडा असता तर दिसला असता, पण जो स्वभावानेच दिसण्यासारखा नाही असं सांगितलं जातं त्याच्याबाबतीत न दिसण्याने काहीच ठरत नाही. उदयनाचार्य हाच मुद्दा धरून विरोधकांना अडवतात. दूर युरोपात तत्त्वज्ञ कान्टनेही १७८१ साली हेच दोन प्रश्न सुटे केले, नुसत्या तर्काने देव आहे हेही दाखवता येत नाही आणि नाही हेही.

देवावर तुमची श्रद्धा असो नसो, मला त्याच्याशी देणंघेणं नाही, पण वाक्य नीट लिहा. ‘देवाचं अस्तित्व सिद्ध करता येतं का, की ते खोटं ठरवता येतं?’ असं लिहा. शास्त्राचा शब्द हवा असेल तर ‘सिद्ध होतं की बाधित होतं?’ लिहा. आणि दोन्ही होत नसेल, तेव्हाच, फक्त तेव्हाच, ‘असिद्ध आहे’ म्हणा, ‘असिद्ध केलं’ नाही.